द्राक्षवेल केवड्याविरुद्ध स्वतः रसायने तयार करते, तर मग ती आजारी का पडते?

आपण लिहिले आहे की गच्चीवर मांडव घालून लावलेल्या आपल्या द्राक्षवेलीला दर पावसाळ्यात केवडा हा पानांचा रोग होतो, आणि रोग आल्यावर वेल पानांत रेस्वेराट्रॉल हे संरक्षक रसायन तयार करते असे वाचल्यापासून आपल्याला प्रश्न पडला आहे की औषध घरातच असताना पाने गळतात कशी. मी फोंडा तालुक्यात राहतो, बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे, आणि नाशिकहून आणलेली थॉम्पसन सीडलेसची एक वेल माझ्याही अंगणात आहे. तिने आजवर द्राक्षे ओंजळभर दिली आणि रोगट पाने टोपलीभर. वेल लढते हे खरे आहे, परंतु ती उशिरा जागी होते, आणि रेस्वेराट्रॉल हा तिच्या शस्त्राचा कच्चा माल आहे, शस्त्र नव्हे.

केवड्याला आपण बुरशी म्हणतो, पण वर्गीकरणात तो खऱ्या बुरशीत बसत नाही. प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हा जीव ऊमायसीट गटातला आहे. त्याच्या पेशीभित्तिका मुख्यतः ग्लुकान आणि सेल्युलोजच्या असतात, बुरशीसारख्या कायटिनच्या नसतात. कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, असणाऱ्यांना त्याचा भाऊबंद चांगलाच ठाऊक आहे: पोफळीला, म्हणजे आपल्या माडीला, ऐन पावसात कोळेरोग आणणारा फायटोफ्थोरा याच गटातला. दोघांनाही साचलेले पाणी लागते, कारण दोघांचे बीजाणू शेपटीसारख्या तंतूंनी पोहतात. द्राक्षाच्या पानाला पर्णरंध्रे खालच्या बाजूला असतात. तिथल्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत बीजाणू रंध्राजवळ येतो, स्थिरावतो आणि नळी फुटून आत शिरतो. म्हणून आधी पानाच्या वरच्या अंगाला पिवळसर तेलकट डाग दिसतो आणि पान उलटले की त्याच जागी पांढरी लव. शंका असेल तेव्हा मी डाग पडलेले पान ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात रात्रभर ठेवतो. केवडा असेल तर सकाळपर्यंत मागच्या बाजूला कापसासारखी वाढ झालेली दिसते.

आता पानाच्या आत काय घडते ते पाहू. परक्या जीवाच्या भित्तिकेचे तुकडे ओळखू आले की काही मिनिटांतच पेशीत कॅल्शियमचे आयन धावून येतात आणि त्यामागोमाग सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा लोट उठतो. सॅलिसिलिक आम्लाचा निरोप शेजारच्या पेशींपर्यंत जातो, आक्रमकाच्या वाटेवर कॅलोज या साखरेच्या साखळीचे लिंपण चढते, आणि ग्लुकान तोडणारी विकरे तयार होऊ लागतात. कायटिन तोडणारी विकरेही वेल तयार करते, पण ज्याच्या अंगात कायटिन जवळजवळ नाही त्याच्यापुढे त्यांचा फारसा पाड लागत नाही.

यानंतरचा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लापासून वेल कुमॅरॉइल-कोए नावाचा रेणू बनवते. त्याच्या एका रेणूला मॅलोनिल-कोएचे तीन रेणू जोडण्याचे काम दोन वेगवेगळी विकरे करू शकतात. चाल्कोन सिंथेसने ते केले तर पुढे फ्लॅव्होनॉइडे आणि काळ्या द्राक्षाचा रंग मिळतो. स्टिलबिन सिंथेसने केले तर एक कार्बन डायऑक्साइड जास्तीचा बाहेर पडून रेस्वेराट्रॉल मिळते. कच्चा माल तोच, फक्त साखळी दुमडण्याची तऱ्हा वेगळी. द्राक्षाचा जनुकसंच २००७ मध्ये उलगडला तेव्हा या स्टिलबिन सिंथेसच्या जनुकांच्या डझनावारी प्रती आढळल्या, यावरून वेलीने या वाटेवर किती भर दिला आहे ते कळते.

परंतु रेस्वेराट्रॉल स्वतः केवड्याच्या बीजाणूंना फारसे मारत नाही. त्याच्या दोन रेणूंची जोडी जमली की व्हिनिफेरिने होतात, आणि त्याच्यावर मिथिल गट चढले की टेरोस्टिलबिन होते. डेल्टा-व्हिनिफेरिन आणि टेरोस्टिलबिन यांच्यापुढे मात्र पोहणाऱ्या बीजाणूंची हालचाल थांबते. जोडी जमवणारे पेरॉक्सिडेस हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरते, म्हणजे सुरुवातीला उठलेला तो लोटच इथे इंधन म्हणून कामी येतो. ही जुळणी पाहून रसायनशास्त्राच्या माणसाला वेलीचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी प्रतिकारक्षम आणि रोगाला बळी पडणाऱ्या वाणांची तुलना केली, तेव्हा प्रतिकारक्षम वाणांत संसर्गाच्या जागीच व्हिनिफेरिने झपाट्याने साठली, तर शासला या नाजूक वाणात बरेचसे रेस्वेराट्रॉल साखरेचा रेणू जोडून पायसिड बनले. पायसिड बीजाणूंना निरुपद्रवी असते. तलवार उपसायची तिथे ती म्यान करून ठेवावी, असा हा प्रकार. थॉम्पसन सीडलेससुद्धा शासलाप्रमाणेच व्हिटिस व्हिनिफेरा या युरोपीय जातीची आणि केवड्याला सहज बळी पडणारी आहे.

आपल्याला उत्सुकता असेल तर एक प्रयोग करून पाहा. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली काळोखात ताजे पान धरले की हरितद्रव्यामुळे ते गडद लाल दिसते. मागच्या श्रावणात मी डाग पडलेले पान असे धरले, तेव्हा दोन डागांच्या कडेला निळसर झाक उमटलेली मला दिसली. स्टिलबिने, म्हणजे रेस्वेराट्रॉलच्या कुळातील रसायने, निळी चमकतात हे खरे, पण इतर फिनॉलेही तशीच चमकतात, त्यामुळे हा पुरावा मानू नये. नुसते पाहायला मात्र सुंदर आहे.

वेल उशिरा का जागी होते, याचे उत्तर इतिहासात आहे. केवडा मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथल्या रानवेली त्याच्याबरोबरच वाढल्या आणि त्याला लवकर ओळखायला शिकल्या. फ्रान्समध्ये तो १८७८ च्या सुमारास पोहोचला, आणि युरोपीय वेलीची त्याच्याशी ओळखच नव्हती. मस्कॅडिन या अमेरिकी द्राक्षातून घेतलेले आरपीव्ही-१ हे जनुक शत्रूची चाहूल टिपणारे प्रथिन घडवते. ते असेल तर संसर्ग झालेल्या पेशी चटकन स्वतःच मरतात आणि आत शिरलेल्या जीवाची रसद तुटते. आपल्याकडे परिचित असलेल्या बंगळूर ब्लूमध्ये अमेरिकी लॅब्रुस्का जातीचे रक्त आहे, तरीही तीही केवड्याला बळी पडते. 

सध्याच्या वेलीसाठी उपाय कुळागरातलाच आहे. फ्रान्समधील मेदोक भागात वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर तांब्याचे मिश्रण शिंपडत. त्या वेली निरोगी राहतात हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी बोर्डो मिश्रण प्रसिद्ध केले. कोळेरोगासाठी आपण वापरतो ते हेच. द्राक्षाच्या कोवळ्या पानांसाठी अर्धा टक्का पुरेसे, म्हणजे एका लिटरला पाच ग्रॅम मोरचूद आणि पाच ग्रॅम चुना. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे कालवून मग एकत्र करावे, आणि लोखंडी सुरी बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर बसला तर चुना वाढवावा. तांबे आत शिरलेल्या रोगाला काही करत नाही, ते पोहणाऱ्या बीजाणूंना मारते, म्हणून फवारणी पावसाची उघडीप मिळताच, डाग दिसण्याआधी आणि पानाच्या खालच्या अंगाला झाली पाहिजे.

आणि औषधाच्या दुकानातल्या रेस्वेराट्रॉलच्या कॅप्सूल फोडून फवारण्याचा विचार मनात आला असेल, तर तो सोडून द्यावा. ते पाण्यात जेमतेम विरघळते. पानावर पांढरी पूड बसेल, आणि पाहणारा म्हणेल की आता भुरी हा रोगही आला.