अलॉय व्हीलची सेंटर कॅप रिमला चरा न पाडता कशी काढायची?

स्क्रू ड्रायव्हरला कापड गुंडाळून कॅप (चाकाच्या मधोमध बसणारं प्लास्टिकचं झाकण) काढली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. याच कापडावरून माझं आणि माझ्या दादाचं गेली चार वर्षं वाजतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी बाबांची, निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली. दर रविवारी सकाळी ते चाकापुढे पाट टाकून बसायचे आणि जुन्या टूथब्रशने रिमच्या कोपऱ्यांतली ब्रेकची काळी भुकटी काढायचे. एकेका चाकाला अर्धा तास. रिम डायमंड कट होते. म्हणजे पुढचा भाग मशीनवर तासलेलं उघडं ॲल्युमिनियम आणि त्यावर फक्त पारदर्शक लॅकरचा पातळ थर. एकदा मी आणि दादा त्या गाडीच्या चाकांचं बॅलन्सिंग करून आणायला गेलो. बॅलन्सिंग मशीनचा दांडा चाकाच्या मधल्या भोकातून आरपार जातो, त्यामुळे कॅप काढावीच लागते. त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथल्या पोराने चाक गाडीवर असतानाच चपट्या स्क्रू ड्रायव्हरला हात पुसायचं फडकं गुंडाळलं आणि तो कॅपच्या कडेत खुपसला. मी थांब म्हणेपर्यंत तो सटकला. फडकं फाडून टोक बाहेर आलं होतं आणि कॅपच्या कडेपासून नटापर्यंत बोटभर लांब चरा पडला होता.

पाच मिनिटांनी तेच चाक खोलून जमिनीवर पडलं होतं. मी वाकून मागून बघितलं. भोकातून कॅपच्या प्लास्टिकच्या टांगा आणि त्यांना बाहेरच्या बाजूला ताणून धरणारी तारेची रिंग स्वच्छ दिसत होती. अंगठ्याने दाबली असती तरी कॅप टक्कन पुढे आली असती. चाक उतरवायचंच होतं, तर पुढून उचकटायची गरजच काय होती?

दादा म्हणाला, "चाकच आहे रे, मातीतून जाणारं. आणि कापड लावलं होतं की त्याने, अजून काय करायचं?" मला राग आला तो या दुसऱ्या वाक्याचा. कापड लावून काहीच साधत नाही. स्टीलच्या टोकाचा सगळा जोर काही मिलिमीटरच्या रेषेवर येतो, तिथे सुताचे धागे कापले जातात. वर कापडामुळे टोक जाड होतं, फटीत नीट बसत नाही, म्हणून माणूस आणखी जोर लावतो आणि सटकलं की लांबवर सटकतं. नुसता स्क्रू ड्रायव्हर निदान हात जपून धरायला लावतो. (तोही वापरू नका.)

आणि चरा म्हणजे नुसती रेघ नव्हे. लॅकर फुटलं की ओल आत शिरते. त्या पावसाळ्यानंतर चऱ्याच्या कडेने लॅकरखाली पांढरे, अळीच्या वाटेसारखे वळवळत गेलेले धागे दिसायला लागले. ॲल्युमिनियम आतून खराब होत होतं. बाबा मळ समजून तिथे ब्रश घासत राहिले. दोन-तीन रविवार घासल्यावर त्यांनी ते चाक पुसायचंच सोडून दिलं.

तर, चाक उतरवता येत असेल तर उतरवा आणि कॅप मागून ढकला. मधोमध दाबू नका, टांगांच्या जवळ आळीपाळीने दाबा. भुकटीने घट्ट बसली असेल तर कोमट पाणी ओतून थोडा वेळ थांबा, मग हातोडीच्या लाकडी दांड्याच्या बोथट टोकाने हलकेच ठोका. खाली जुनी चादर हवीच. चाक न उतरवता काढायची असेल तर आधी कडेला खाच आहे का ते शोधा आणि गाडीच्या टूल किटमध्ये तारेचा आकडा दिलाय का बघा. नसेल तर ट्रिम, म्हणजे गाडीच्या आतले प्लास्टिकचे भाग, उचकटायला मिळते ती नायलॉनची पट्टी घ्या. पट्टी टेकणार ती रिमवरच, म्हणून तिथे मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. एकाच जागी उचकटू नका, गोल फिरत थोडं थोडं सैल करा. थंडीत प्लास्टिक कडक होतं, आधी हेअर ड्रायरने कोमट करून घ्या, नाहीतर टांगा मोडतील.

हे आधी सांगायला हवं होतं: काही चाकांत कॅपखाली नटच झाकलेले असतात. तिथे कॅप काढल्याशिवाय चाक निघत नाही, म्हणजे माझी मागून ढकलायची पद्धत तिथे उपयोगाची नाही. काही कॅपा उलट आतल्या बाजूने बसवलेल्या असतात, त्या पुढून ओढून येणारच नाहीत, फक्त तुटतील. तुमची कोणती आहे ते तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून कळत नाही. मॅन्युअल बघा.

परत बसवताना खोबण पुसून घ्या, तारेची रिंग जागेवर आहे ना बघा आणि तळव्याने सरळ दाबा.

टायरवाल्याकडे गेलात तर जॅक लागायच्या आधीच सांगा की कॅप चाक उतरल्यावर मागून काढ. दादाचं म्हणणं, असं शिकवायला जाणं म्हणजे समोरच्याच्या कामाचा अपमान. मला ते अजिबात पटत नाही. त्या पोराला कुणी दाखवलंच नव्हतं. पुढच्या दोन कॅपा मी त्याच्यासमोर अंगठ्याने काढल्या. चौथं चाक उतरल्यावर मी हात पुढे करायच्या आत त्याने ते स्वतःच उलटं केलं, फडकं खाली अंथरलं आणि मागून दाबून कॅप काढून माझ्या हातात दिली. दादा तेव्हा शेजारीच उभा होता.