लिनक्सवर केबलचं नेट लागत नाही? आधी एवढं बघ

भाऊ, घाबरू नको, आणि लिनक्स परत टाकायला तर अजिबात बसू नको, नवीन पोरं पहिली चूक हीच करतात. आधी मागे वाकून केबलच्या पोर्टजवळचा लाईट बघ. लाईट नसेल तर दुसरी केबल, राउटरचं दुसरं पोर्ट लावून बघ. आमच्या जळगावकडे पोर्टात धूळही लई बसते, आणि केबलच्या टोकाची प्लास्टिकची क्लिप तुटली असली की केबल बसल्यासारखी दिसते पण बसलेली नसते, माझी अख्खी दुपार त्यात गेलेली आहे.

तरी नाही झालं तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, एलएसपीसीआय, मग स्पेस, मग डॅश के टाक (lspci -k). इथरनेट कंट्रोलरच्या (केबलच्या नेटच्या चिपच्या) खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' दिसलं म्हणजे ड्रायव्हर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर) लागलाय, मग नेटवर्क सेटिंगमध्ये वायर्ड चालू कर, आयपी ऑटोमॅटिक ठेव. ती ओळच नसेल तर मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग कर, म्हणजे मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला दे, तेवढ्या नेटवर सगळं अपडेट मार आणि रीस्टार्ट कर. इंटेल, रियलटेकच्या बहुतेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच येतात, म्हणून कुठूनतरी ड्रायव्हर उतरवून कंपाईल करायच्या नादी आत्ताच लागू नको.

अडलं तर त्या कमांडचं आउटपुट पूर्ण कॉपी करून टाक, स्क्रीनचा फोटो नको, बघतो मी.