गणपती करून गेला, म्हणून काय चुकलं?

"ताई, पोराला विमानतळावर अडवतील का हो?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच काकूंनी हे विचारलं. काका शेजारी गप्प होते. मांडीवर रेक्झिनची पिशवी, तिच्यात पासबुक, मुलाच्या पासपोर्टच्या झेरॉक्स आणि एका ईमेलची प्रिंट. ती इतक्या वेळा उघडून वाचली होती की घडीवर कागद फाटायला आला होता.

नोव्हेंबर 2024 ची गोष्ट. मुलगा वर्षभरापूर्वी नोकरीसाठी श्टुटगार्टला गेलेला, आणि डिसेंबरात बहिणीच्या लग्नाला यायचा होता. ईमेल आयकर खात्याचा होता. परदेशात तुमचं खातं असल्याची माहिती आमच्याकडे आली आहे, विवरणपत्रात ते दाखवलं नसेल तर 31 डिसेंबरपर्यंत सुधारित विवरणपत्र भरा, असा त्याचा आशय. त्या महिन्यात असे संदेश बऱ्याच जणांना गेले होते. शंभराहून जास्त देश एकमेकांना बँकखात्यांची माहिती आपोआप कळवतात, त्यांत भारतही आहे आणि जर्मनीही. मुलाने तिकडे खातं उघडताना फॉर्मवर करासाठीचा देश म्हणून भारत लिहिला होता. त्यामुळे माहिती इकडे आली. यात लपवाछपवी कुठेच नव्हती, पण घरात तीन रात्री कुणाला झोप नव्हती.

मुलाने जुलैत विवरणपत्र भरलं होतं, 'अनिवासी' म्हणून. "मी गेलो म्हणजे एनआरआय झालो," एवढा साधा हिशेब. परदेशी गेलेल्यांच्या कर-बँकेच्या कागदांसाठी माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सातआठ जणांचा हाच समज असतो, आणि तो अगदी स्वाभाविक आहे.

मी कपाटातून 2023 चं कालनिर्णय काढलं. जुनी कालनिर्णयं मी टाकत नाही ती यासाठीच. पेन्सिल काकांच्या हातात दिली आणि 1 एप्रिलपासून मुलगा ज्या दिवशी गेला तिथपर्यंत दिवस मोजायला सांगितले. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचे त्या आर्थिक वर्षात भारतात 182 किंवा जास्त दिवस भरले, तर आयकरासाठी तो त्या वर्षी निवासीच. निघायचा दिवसही धरायचा. म्हणजे 28 सप्टेंबरपर्यंत निघालं तर 181 दिवस होतात, आणि माणूस अनिवासी ठरतो.

काका ऑक्टोबरच्या पानावर थांबले. 15 ऑक्टोबर, घटस्थापना. एकूण 198 दिवस.

"तिकीट 20 सप्टेंबरचं होतं," ते हळूच म्हणाले. "आदल्या दिवशी गणपती बसणार. मीच म्हटलं, विसर्जन होऊ दे. मग पितृपंधरवडा लागला. त्यात कशाला पाठवायचं, म्हणून घटस्थापनेला निघाला. कंपनीने ऐकलं. मीच थांबवलं हो त्याला."

मी त्यांना तिथेच थांबवलं. मुलाने घरचा गणपती केला, यात चुकलं काहीच नाही. त्याची किंमत काय पडली ते आधी मोजू, मग वाईट वाटून घ्यायचं का ते ठरवू. माझा अनुभव असा की घाबरलेल्या माणसाला कलमं सांगून उपयोग नसतो, आकडा समोर आला की श्वास खाली बसतो.

निवासी ठरल्यामुळे ऑक्टोबर ते मार्चचा जर्मनीतला पगारही भारतात दाखवायला हवा होता. दोन्हीकडे पूर्ण कर बसत नाही. तिकडे भरलेला कर आणि त्याच उत्पन्नावर इथला कर, यांतला जो कमी त्याची सूट मिळते, त्यासाठी तेव्हा फॉर्म 67 भरावा लागे. शिवाय जर्मन खात्याचा तपशील परकीय मालमत्तेच्या तक्त्यात द्यायचा. हा तक्ता न भरल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे, काकूंच्या भीतीचं मूळ तेच होतं. कुणी नातेवाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. त्या नातेवाइकाने हे पाठवलं नव्हतं की 1 ऑक्टोबर 2024 पासून वीस लाखांपर्यंतच्या, घर-जमीन सोडून इतर परकीय मालमत्तेला हा दंड लागत नाही. मुलाच्या खात्यात तेव्हा आठ लाखही नव्हते. आणि सुधारित विवरणपत्राची मुदत अजून शिल्लक होती.

त्या रात्री मुलाला व्हिडिओ कॉल लावला. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, तो नुकताच कामावरून आला होता. तिथलं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. त्यामुळे कागद दोन वर्षांतून वेचायचे होते: 2023 चं लोनश्टॉयरबेशायनिगुंग, म्हणजे तिकडचा फॉर्म 16, आणि जानेवारी ते मार्च 2024 च्या तीन पगारपावत्या. युरोचे रुपये करताना प्रत्येक महिन्यासाठी आदल्या महिन्याच्या अखेरचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो दर. सगळं जुळत आलं तेव्हा मुलगा सहज म्हणाला, "तिकडून नऊशे युरो परतही आलेत." वर्षाच्या शेवटी जर्मनीत पोचणाऱ्याचा कर बहुधा जास्त कापला जातो, आणि तिथलं विवरणपत्र भरलं की तो परत मिळतो. चांगलीच गोष्ट. पण परत आलेल्या कराची सूट इथे मागता येत नाही, तेवढी रक्कम वजा केली. हे राहून गेलं असतं तर पुढे खरंच नोटीस आली असती.

सीएंनी शेवटचा आकडा काढला: व्याजासकट सव्वा लाखाच्या आसपास. रक्कम लहान नाही, पण काकूंनी मनात जे धरलं होतं त्यापुढे काहीच नव्हती.

खरी अडचण पासबुकात होती.

बापलेकाचं जुनं जोडखातं, मुलगा पहिला खातेदार. तिकडून पैसे त्यातच यायचे, काका त्यातून घर चालवायचे. आता आयकराचा नियम एक आणि परकीय चलनाचा, म्हणजे फेमाचा, दुसरा. नोकरीसाठी देश सोडला की फेमाखाली माणूस त्याच दिवसापासून अनिवासी. म्हणजे 16 ऑक्टोबरला हाच मुलगा आयकराला निवासी आणि बँकेला अनिवासी होता. साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं इथलं रुपयांतलं खातं, करून घ्यायला हवं होतं. बँकेतल्या कुणी "खातं गोठेल" एवढंच सांगून त्यांना परत पाठवलं होतं.

काकांनी एनआरओचा फॉर्म हातात घेतला आणि 'अनिवासी' या शब्दावर बोट ठेवून बसून राहिले. "हे मी लिहून द्यायचं? की माझा मुलगा इथला नाही?"

या प्रश्नाला मी घाईने उत्तर देत नाही. काकूंनी डोळे पुसले. मग मी सांगितलं की नागरिकत्व, पासपोर्ट, गावच्या घरातला वाटा, यांतल्या कशालाही हा कागद हात लावत नाही. जर्मनीतल्या कायम वास्तव्याशीही त्याचा संबंध नाही. तिथे ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना असणाऱ्याला, जर्मन भाषेची बी1, म्हणजे मध्यम, पातळी असेल तर 21 महिन्यांनी अर्ज करता येतो, आणि पेन्शनची वर्गणी वगैरे बघतात ती तिकडची. हा शब्द फक्त माणूस सध्या कुठे राहून कमावतो ते बँकेला सांगतो.

मार्ग असा काढला. मुलाचं खातं एनआरओ झालं. त्यात काका जोडखातेदार राहिले तरी ते मुलाच्या हयातीत स्वतःच्या सहीने चालवू शकत नाहीत, म्हणून घरखर्चासाठी काकांचं स्वतःचं वेगळं खातं, काका पहिले, मुलगा दुसरा. तसं चालतं, आणि दोघांपैकी कुणीही ते चालवू शकतो. पुढचा पगार एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या अनिवासीच्या खात्यात. त्याचं व्याज भारतात करमुक्त, पण मुलाला बजावलं की जर्मनी जगभरचं व्याज मोजते, वर्षाला 1,000 युरोंपुढचं तिथे दाखवायलाच हवं. एनआरओच्या व्याजावर तीस टक्के अधिक सेस कापतात. जर्मनीचा कर-रहिवासी दाखला आणि तेव्हाचा फॉर्म 10एफ दिला की भारत-जर्मनी कर-करारानुसार दहा टक्के. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवला, मुदतीनंतर वाढवता येणार नाही.

सुधारित विवरणपत्र लग्नाच्या आठवडाभर आधी गेलं. मुलगा आला, विमानतळावर त्याला कुणी काही विचारलं नाही. हळदीच्या दुसऱ्या दिवशी तिघं बँकेत जाऊन सह्या करून आले.

जानेवारीत काकूंचा फोन आला. मुलगा यंदा गणपतीला येतो म्हणतोय, किती दिवस राहिला तर चालेल? मी सांगितलं, आर्थिक वर्षात 182 च्या आत, आणि इथलं उत्पन्न पंधरा लाखांवर गेलं तर 120 च्या आत. त्याचं इथलं उत्पन्न व्याजापुरतंच, तेव्हा काळजी नको. मागून काकांचा आवाज ऐकू आला, "27 ऑगस्टला बसतायत गणपती, मी पेन्सिलने खूण केलीय."