उठताना झटकन, बसताना सावकाश

ताई, बाबांच्या पायांत ताकद आहे असं डॉक्टर म्हणतात, तरी सोफ्यातून उठताना ते मागे पडतात, हे पार्किन्सन्समध्ये नेहमीचंच. वयानुसार स्नायूंचा जोर कमी होतो, पण तो जोर चटकन लावण्याची क्षमता त्याआधी आणि जास्त वेगाने घटते. त्यात या आजारात हालचालच मंदावते. म्हणून नुसत्या फेऱ्या मारून भागत नाही.

हातांची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवा. प्लास्टिकची नकोच, सरकते. पुढे सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाकायचं आणि ‘एक, दोन, उठा!’ म्हणत झटकन उभं राहायचं. बसताना मात्र तीन आकडे मोजत. धपकन बसू देऊ नका.

लिव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या औषधाची, गोळी लागू झाल्यावरच करा. उभं राहिल्यावर क्षणभर थांबवा, या आजारात रक्तदाब कधीकधी एकदम उतरतो. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करून घ्या. नातेवाईक हौसेने उठाबशा सुचवतील, तिकडे साफ दुर्लक्ष करा!

महिन्यातून एकदा, ३० सेकंदांत हात न टेकता किती वेळा उठता येतं ते कॅलेंडरवर लिहा. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तो आकडा दाखवा.