नक्कल येईपर्यंत थांबू नका

मिरजेहून एका ताईंचं पत्र आलं आहे. धाकटा भाऊ शिकायला अमेरिकेत गेला, व्हिसा संपला तरी राहिला. पत्ता बदलल्याचं इमिग्रेशन कोर्टाला कळवलं नाही, तारखेला हजर नव्हता, त्याच्या गैरहजेरीत आदेश झाला आणि २०१९ मध्ये त्याला परत पाठवलं. नंतर तो मेक्सिकोमार्गे पुन्हा शिरला, टेक्सासमध्ये सापडला, हद्दपारीनंतर पुन्हा शिरल्याचा गुन्हा कबूल केला. ८ महिन्यांची शिक्षा झाली, त्याला आज २४ दिवस झाले. ‘निकालाची नक्कल आली की अपील करू, मूळ हद्दपारीच चुकीची होती असं सांगू,’ असं त्या म्हणतात. अशी पत्रं मला वरचेवर येतात आणि बहुतेक याच वाक्यावर अडलेली असतात.

ताई, अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टात फौजदारी अपिलाची नोटीस १४ दिवसांत द्यावी लागते. आपल्याकडे हायकोर्टातल्या अपिलाला ६० दिवस असतात, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, वर विलंबमाफीचा अर्ज असतोच. त्या भरवशावर तुम्ही बसलात. तिथे नोटिशीला नक्कल लागतच नाही. कोण, कोणत्या निकालाविरुद्ध, कोणत्या कोर्टात अपील करतोय, एवढा एक कागद पुरतो. तो शिक्षा देणाऱ्या डिस्ट्रिक्ट कोर्टातच द्यायचा. पुढे प्रकरण न्यू ऑर्लीन्सच्या फिफ्थ सर्किट या अपील कोर्टाकडे जातं. कारणं नंतर मांडता येतात.

उशीर माफ होऊ शकतो, पण १४ दिवस संपल्यापासून जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंतच. म्हणजे एकूण ४४. तुमच्याकडे साधारण २० उरलेत. साधारण म्हणतो, कारण मुदत निकाल कोर्टाच्या नोंदवहीत चढल्या दिवसापासून मोजतात, आणि तो दिवस शिक्षा सुनावल्यानंतरचा असू शकतो. ती तारीख आजच वकिलाकडून घ्या. ‘नियम माहीत नव्हता’ हे कारण सहसा चालत नाही. वकिलाने सांगितलं नाही, तुरुंगात टपाल अडकलं, अशी कारणं खरी असतील तर वजन पडतं. न्यायाधीश काय करतील ते मी सांगू शकत नाही.

उशीर माफ करण्याचा अर्ज भावाने स्वतः किंवा त्याच्या वकिलाने करायचा. मिरजेतून तुम्ही करून चालणार नाही. भावाने तुरुंगातल्या कायदेशीर टपालात मुदतीच्या आत टाकला, तर कोर्टात उशिरा पोचला तरी चालतो. टाकल्याची तारीख आणि टपालखर्च भरल्याचं, शपथेवर, सोबत लिहायला हवं.

आता गुन्हा कबूल करताना सरकारी पक्षाशी झालेला करार. त्यात अपिलाचा हक्क सोडल्याचं कलम बहुधा असेल. तरीही भावाने वकिलाला ‘अपील कर’ असं स्पष्ट सांगितलं होतं का, हे महत्त्वाचं. सांगूनही वकिलाने नोटीस दिली नसेल, तर ती वकिलाचीच चूक धरली जाते; २०१९ च्या गार्झा विरुद्ध आयडाहो निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं, हक्क सोडलेला असला तरी. त्यासाठी वेगळा अर्ज असतो आणि त्याला साधारण एक वर्ष मिळतं.

मूळ हद्दपारीच्या मुद्द्यावर मात्र मी फार आशा देणार नाही. कायद्याला तीन गोष्टी एकत्र हव्यात: इमिग्रेशन यंत्रणेतले उपाय वापरून संपलेत, कोर्टात दाद मागायची संधी नाकारली गेली, आणि आदेश मुळातच अन्याय्य होता. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की एकही वगळता येत नाही. पत्ता न कळवणाऱ्याला पहिलीच जड जाते, आणि हा मुद्दा राखून न ठेवता कबुली दिली असेल तर तो बहुधा हातून गेलाच. पत्ता बदलल्याचा तो एक फॉर्म त्याने वेळेवर भरला असता, तर आज हे पत्र आलं नसतं.

अपिलाला ८ महिन्यांहून जास्त लागू शकतात. मग तो सुटून परत पाठवला जाईल, तरीही मी प्रयत्न करा म्हणेन. ही शिक्षा कायम राहिली, तो पुन्हा हद्दपार झाला आणि पुन्हा शिरला, तर या गुन्ह्याच्या तुरुंगवासाची २ वर्षांची कमाल मर्यादा १० वर्षांवर जाते.

आज फोनवर त्याला फक्त दोन गोष्टी विचारा: निकाल नोंदल्याची तारीख, आणि त्याने वकिलाला अपिलाचं सांगितलं होतं का. सीमा कशी ओलांडली ते फोनवर बोलू नका, तुरुंगातले फोन रेकॉर्ड होतात.