100 किलोवॅट भारासाठी केबल आधी ठरवायची की पॅनेल?

तुम्ही विचारलंय की वर्कशॉपचा भार 100 किलोवॅट आहे, केबलचा साइझ टेबलमधून काढलाय, आता पॅनेल (ब्रेकर आणि जोड ठेवायचा वीजवाटपाचा डबा) मागाहून बसेल तसं बनवून घेतलं तर चालेल का. माझं उत्तर स्पष्ट आहे: नका करू. केबल आणि पॅनेल एकाच कागदावर, एकाच वेळी ठरवा.

आधी केबलचं बघू. 400 व्होल्ट थ्री फेज, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या एकूण विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) 0.8 धरला तर करंट साधारण 180 अँपिअर येतो. त्यावर 200 अँपिअरचा ब्रेकर. इथे बरेच जण टेबलमध्ये 200 अँपिअर शोधतात आणि तीच केबल उचलतात. पण टेबलमधला आकडा एकट्या केबलचा आणि ठरावीक तापमानाचा असतो. एक्सएलपीई (90 अंश सोसणाऱ्या प्लास्टिक इन्सुलेशनची) केबल 40 अंश हवेत असेल तर 0.91 ने गुणायचं, आणि छिद्रांच्या ट्रेवर तीन केबल एकमेकींना चिकटून असतील तर आणखी 0.82 ने. गुणाकार जवळपास 0.75. म्हणजे टेबलमध्ये 268 अँपिअरच्या आसपास क्षमता असलेली केबल शोधायला हवी. त्यानंतर लांबीनुसार व्होल्टेज ड्रॉप (केबलमध्येच घटणारं व्होल्टेज) तपासा, आणि शॉर्ट सर्किट झाल्यावर ब्रेकर पडेपर्यंतचा ताप केबल सोसते का तेही. लांब फीडरमध्ये (पॅनेलला वीज आणणाऱ्या केबलमध्ये) बऱ्याचदा साइझ ठरतो तो ड्रॉपवरूनच. एलईडी ड्रायव्हर, यूपीएस असा भार जास्त असेल तर तिसऱ्या हार्मोनिकचे (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचे) करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांत मिळतात, तेव्हा न्यूट्रल फेजच्या अर्ध्या साइझचा घेऊ नका.

आता पॅनेल, जिथे खरी फसगत होते. समजा केबलचा बाहेरचा व्यास 40 मिलिमीटर आहे. आर्मर्ड (लोखंडी तारांचं कवच असलेल्या) केबलला सहसा व्यासाच्या 12 पट वळण-त्रिज्या लागते, म्हणजे जवळपास अर्धा मीटर. ग्लँड प्लेटपासून (केबल पॅनेलमध्ये शिरते ती पत्र्याची प्लेट) ब्रेकरच्या टर्मिनलपर्यंत हात-दीड हात जागा नसेल, तर फिटर कोअर (केबलमधल्या तारा) दाबून वाकवतो आणि तो ताण कायमचा लगवर (तारेच्या टोकाला दाबून बसवलेला, बोल्टने जोडायचा तुकडा) बसतो. ब्रेकर गरम-थंड होत राहतो, बोल्ट सैल पडतो, जोड तापतो. म्हणून ड्रॉइंगवर केबल अ‍ॅलीची (पॅनेलमध्ये केबलसाठी सोडलेल्या उभ्या जागेची) रुंदी आणि ग्लँड प्लेटची उंची आधी मागा, पॅनेलची बाकीची मापं नंतर. केबल वरून येणार की खालून, हेही त्याच वेळी सांगा.

सिंगल कोअर केबल वापरणार असाल तर प्रत्येक फेज लोखंडी प्लेटच्या वेगळ्या भोकातून नेऊ नका. भोकाभोवती एडी करंट (लोखंडातच तयार होणारे भोवऱ्यासारखे करंट) फिरतात आणि प्लेट चांगलीच तापते. प्लेट अ‍ॅल्युमिनियमची घ्या, किंवा सगळे फेज आणि न्यूट्रल एकाच मोठ्या खिडकीतून न्या.

आयपी रेटिंगबद्दल (डबा धूळ-पाणी किती अडवतो त्याचा आकडा) एवढंच: धूळ आणि पाण्याचे शिंतोडे असतील तिथे आयपी 54 किंवा 55 घ्या, पण डबा जितका बंद तितकी उष्णता आत अडकते. बरेचसे एमसीसीबी (बंद साच्यातले मोठे ब्रेकर) 40 अंशांना कॅलिब्रेट केलेले असतात. पॅनेलच्या आत 55 अंश झाले तर थर्मल ट्रिपचा ब्रेकर रेटिंगच्या आधीच पडू शकतो, आणि लोक ब्रेकरला दोष देतात. डबा मोठा घ्या, किंवा बनवणाऱ्याकडून आयईसी 61439 या पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तापमानवाढीचं पडताळणीपत्र मागा. शिवाय टर्मिनल 90 अंश सोसणारं असेलच असं नाही, त्यामुळे एक्सएलपीई केबल पूर्ण क्षमतेवर चालवायचा मोह टाळा.

अ‍ॅल्युमिनियम केबल तांब्याच्या बसबारवर (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्टीवर) येणार असेल तर बायमेटॅलिक (अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं जोडलेला) लग लावा आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच घट्ट करा. केबलचा प्रकार, मार्गाची लांबी आणि ट्रेवर आणखी काय जाणार हे कळवलंत, तर साइझ नेमका काढून देतो.