तिच्या आजाराचं नाव तिला कळू दे

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. पाळी येऊन चारच महिने झाले होते. शाळेच्या स्कर्टचा हूक लागेना, तेव्हा घरात सगळे गॅसच समजले. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयावर १४ सेंटिमीटरची गाठ निघाली. ते अंडाशय आणि नळी काढली. रिपोर्टमध्ये ‘योक सॅक ट्यूमर’ आहे, आता केमो सांगितली आहे. तिला पुन्हा पाळी येईल का? मूल होईल का? सासूबाई म्हणतात, कॅन्सर हा शब्द कुठे काढू नका, पोरीजवळसुद्धा नाही.
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी पाळीचं सांगते. डावं अंडाशय शाबूत आहे ना? मग तेवढं पुरतं. केमो चालू असताना पाळी चुकेल, थांबेलही; बहुतेक मुलींची काही महिन्यांत परत येते. या उपचारानंतर आई झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

मोठ्या बायकांना होतो तो अंडाशयाचा कॅन्सर बहुतेकदा वेगळा. मुलींमध्ये तो बहुतांशी बीजपेशींतून, म्हणजे ज्यांतून पुढे स्त्रीबीज बनतं त्या पेशींतून येतो; योक सॅक ट्यूमर त्यातलाच. तो भराभर वाढतो, पण केमोला दादही तशीच देतो. तुमच्या खाण्यापिण्यात काही चुकलं म्हणून तो झालेला नाही.

रक्तातलं एएफपी, म्हणजे ही गाठ तयार करते ते प्रथिन, मात्र वेळच्या वेळी तपासा. गाठ गेली की ते साधारण आठवड्याला निम्मं होत उतरतं. उतरता उतरता चढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. केमोत सिस्प्लॅटिन हे औषध देणार असतील तर कानांची तपासणी आधीच करून घ्या; त्याने ऐकू येणं कमी होऊ शकतं. केस जातील, ते परत येतात.

आता सासूबाईंचं. एकदा पोट फुगलेली १४ वर्षांची मुलगी माझ्याकडे आणली होती. लघवीच्या तपासणीत दोन रेघा आल्या म्हणून घरी मार खाऊन आलेली. गर्भ नव्हताच, काही गाठी गरोदरपणातलंच संप्रेरक तयार करतात. तिच्या पाठीवरचे वळ मी अजून विसरले नाही. लपवाछपवीच्या घरात मुलीवर पहिला संशय येतो, म्हणून नातेवाइकांना नाही तरी तुमच्या लेकीला तरी खरं सांगा. वॉर्डात शेजारच्या खाटेवरून तो शब्द तिच्या कानावर पडणारच आहे. तो आधी तुमच्या तोंडून ऐकू दे, आणि ‘बरा होणारा’ हेही त्याच दमात सांगा.

दुसरी एक मुलगी २२व्या वर्षी आली. पोटावर उभा व्रण, पण तो कशाचा हे तिला माहीत नव्हतं. लग्न ठरताना आईने फाईल जाळली होती. कोणती औषधं दिली होती, हे कळायला मला तीन आठवडे लागले. तुमच्या लेकीच्या केमोत ब्लिओमायसिन असेल, तर पुढे कधीही भूल द्यायची वेळ आली की भूलतज्ज्ञाला ते सांगावंच लागतं; त्या औषधाने फुप्फुसं नाजूक होऊ शकतात. तेव्हा तुम्ही शेजारी असालच असं नाही. रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा, औषधांची नावं तिच्याच अक्षरात तिच्या वहीत लिहून घ्या. आठवीतली मुलगी आहे, तिला नीट लिहिता येईल.